सेशेल्सला शिडाची बोट: आधी तिकीट की आधी वारा?

प्रश्न: आम्ही दोन कुटुंबं मिळून आठ जण 15 ऑगस्टला जोडून आठवडाभर सेशेल्सला शिडाची बोट भाड्याने घ्यायच्या विचारात आहोत. तेव्हा विमानाचं तिकीट स्वस्त दिसतंय. मुलं दोन, वयं 9 आणि 12. बरोबर माझी 68 वर्षांची आई. मी मुंबईला छोट्या शिडाच्या होडीचा पाच दिवसांचा कोर्स केला आहे आणि मित्राला मोटरबोटीची सवय आहे, म्हणून स्किपर (पगारी कप्तान) न घेता बोट आम्हीच चालवावी, तेवढे पैसे वाचतील, असं वाटतं. यादी अशी: माहे, सिलुएट, प्रासलिन, क्युरियूज, कुझँ, आरिद, ला दीग, जमलं तर आमिरांत. मोनोहल (एका पोटाची बोट) घ्यावी की कॅटामरान (दोन पोटांची)? खर्च किती धरावा? जेवणखाणाचं काय? आणि आईला पोहता येत नाही, गुडघेही दुखतात. तिला न्यावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्या पत्रात तिकीट आहे, बेटांची यादी आहे, बोट आहे, पैसे आहेत. वारा कुठेच नाही. तिकीट अजून काढलं नसेल तर थांबा, कारण बाकी सगळं वाऱ्यावरून ठरणार आहे.

सेशेल्सची मुख्य बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण चार-साडेचार अंशांवर आहेत. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो सर्वात जोरात असतो. हाच वारा पुढे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी म्हणून कोकणात येऊन कोसळतो. म्हणजे आपल्याकडे मासेमारी बंद ठेवून होड्या शाकारून ठेवतात, त्याच वाऱ्याच्या उगमाकडे तुम्ही निघालाय. तिकडे तो कोरडा असतो, आभाळ बऱ्यापैकी निळं असतं, त्यामुळे फोटोत काही कळत नाही. पण 20 ते 25 नॉटचा (म्हणजे ताशी तितक्या सागरी मैलांचा) वारा आणि उघड्या समुद्रात दोन-अडीच मीटरच्या लाटा ही ऑगस्टमधली नेहमीची गोष्ट आहे. माहेहून प्रासलिन ईशान्येला, सुमारे 25 सागरी मैलांवर. वारा आग्नेयेचा, म्हणजे जाताना उजव्या कुशीवर आणि येताना डाव्या. शिडं भरभरून चालतात, चार तासांत पोचता, पण लाटाही आडव्याच येतात आणि बोट चारही तास झुलते. मुरलेल्या खलाशाला ही चैन वाटेल. नऊ वर्षांच्या मुलाला आणि आईला वाटणार नाही.

डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा. तो मऊ असतो, पण पाऊस मोठा, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. राहिले दोन सांधे: एप्रिल ते मेचा पहिला आठवडा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. या दिवसांत वारा कमी, समुद्र सपाट आणि पाणी सर्वात स्वच्छ असतं. उकाडा मात्र असतो आणि कधी कधी दिवसभर इंजिनावर चालावं लागतं. गंमत म्हणजे हे दोन्ही काळ आपल्या शाळांच्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीला बरोबर जुळतात. तुमच्यासाठी एप्रिलचा शेवटचा आठवडा किंवा दिवाळीनंतरचा आठवडा. चक्रीवादळांची काळजी नको, ती विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सहसा येत नाहीत.

आता चालवण्याचं. पाच दिवसांच्या कोर्समध्ये तुम्ही 15-16 फुटांची होडी चालवली असेल. तिला इंजिन नसतं, रात्री ती किनाऱ्यावर ओढून ठेवता येते, चूक झाली तर उलटते आणि आपण हसतो. भाड्याची कॅटामरान 40-42 फूट लांब, सात मीटर रुंद, दोन इंजिनांची, आणि रात्री तुम्हाला पोटात घेऊन एका नांगरावर उभी. शीड ओढणं हा त्यातला सोपा भाग. वाऱ्यात धक्क्याला लावणं, प्रवाळातून वाट काढणं, पहाटे तीनला नांगर सरकतोय का ते ओळखणं हे वेगळं शिकावं लागतं. कंपन्या आरवायए (ब्रिटिश संस्था) डे स्किपर किंवा एएसए (अमेरिकी संस्था) 104 अशा पातळीचं प्रमाणपत्र मागतात, शिवाय कुठल्या मापाची बोट, किती दिवस, कुठल्या पाण्यात चालवली याचा तपशील भरून घेतात. तो तपशील फुगवू नका. पहिल्या दिवशी त्यांचा माणूस तुम्हाला सुकाणूवर उभं करून बघतो आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे, तुमच्याच खर्चाने, स्किपर चढवतो. तेव्हा पसंतीचा माणूसही मिळत नाही.

म्हणून या वेळी स्किपर घ्याच, पूर्ण आठवड्यासाठी. आणि त्याला आधीच कळवा की आम्हाला शिकायचं आहे, सुकाणू आणि नांगर आमच्या हातात दे. सात दिवसांचे मैल तुमच्या वहीत चढतील आणि पुढच्या वेळी कंपनीपुढे दाखवायला काहीतरी असेल. स्किपरचं जेवण तुमच्याकडे. झोपायला त्याला पुढच्या टोकातली चिंचोळी खोली चालते का, की तुमच्यातली एक केबिन द्यावी लागते, हे करारापूर्वी लिहून घ्या. आठ जणांसाठी चार केबिन मोजल्यात आणि नववा माणूस सोफ्यावर, हा घोटाळा फार कॉमन आहे.

बोट कॅटामरान घ्या. मोनोहल वाऱ्याला 15-20 अंश कलते. ज्यांना शिडाचं वेड आहे त्यांना तेच हवं असतं, पण आईला त्या कलत्या जमिनीवर संडासापर्यंत जायचं आहे. कॅटामरान आडवी कलत नाही, चारही केबिनना वेगळे संडास मिळतात आणि मागे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असतात. तिला पाणीही कमी लागतं, सव्वा मीटरच्या आसपास. मोनोहलला दोन मीटर. तोटा एकच सांगतो: ही बोट वाऱ्याच्या तोंडावर नीट चढत नाही, तिथे इंजिन लावावं लागतं. सेशेल्समध्ये भाड्याच्या ताफ्यात बहुतेक कॅटामरानच आहेत.

पैशाचा अंदाज. 40-42 फुटी कॅटामरान हंगामाप्रमाणे आठवड्याला साधारण साडेचार ते नऊ हजार युरो. मधला आकडा साडेसहा हजार धरू. स्किपर दिवसाला 200 च्या आसपास, म्हणजे 1,400. डिझेल आणि पाणी 300, चादरी-सफाई-गॅस 300, नुकसानीची जबाबदारी कमी करणारा विमा 350, किराणा 1,000, मरीन पार्क, बॉया (बोट बांधायचे तरंगते गोळे) आणि प्रवेश फी 400. बेरीज 10,250. आठांत भागली तर माणशी जवळपास 1,280 युरो. युरो शंभर रुपये धरला तर सव्वा लाखाच्या थोडं वर, विमान वेगळं. जेवायला किनाऱ्यावर उतरलात की हिशेब बदलतो, तिथली हॉटेलं महाग आहेत.

यात एक गोष्ट लोकांना विमानतळावरून थेट धक्क्यावर पोचल्यावर कळते: अनामत. ती तीन ते सहा हजार युरो असू शकते आणि क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बहुधा चालत नाही. त्यामुळे एका कार्डाची मर्यादा पाच-सहा लाखांची असू द्या आणि निघण्याआधी परदेशी व्यवहार चालू करून घ्या. वरचा विमा घेतला तर अनामत कमी होते, पण विम्यात डिंगी (किनाऱ्यावर ने-आण करणारी छोटी रबरी होडी), तिचं इंजिन आणि हरवलेला नांगर धरलाय का हे वाचा. हमखास वगळलेली असतात ती हीच तीन.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. त्यात मुक्कामाचा पत्ता म्हणून बोटीचा करार जोडायचा. आठही जणांची नावं करारात असू द्या.

यादीतून आमिरांत खोडा. ती बेटं माहेपासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर आहेत आणि भाड्याच्या बोटीच्या करारात तिकडे जायला मुभाच नसते. सिलुएटही खोडा, माहेच्या वायव्येला आहे, बाकी सगळं ईशान्येला. आरिद आणि कुझँ ही दोन्ही पक्ष्यांची राखीव बेटं. तिथे आपली डिंगी किनाऱ्याला लावता येत नाही. उंदीर-घुशी चढू नयेत म्हणून त्यांचीच होडी येऊन माणसं नेते. दोन्हींपैकी कुझँ पुरे, पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळीच उघडं असतं. शनिवारी तिथे पोचणारी मंडळी दुर्बिणीतून पक्षी बघून परततात.

सात रात्री म्हणजे सात दिवस नव्हेत, हेही लक्षात घ्या. पहिल्या दुपारी बोट ताब्यात मिळते, समजावून घेण्यात दोन-तीन तास जातात. शेवटच्या सकाळी नऊला उतरायचं असतं, म्हणजे आदल्या संध्याकाळी तळावर परत. हातात साडेपाच दिवस. त्यात आम्ही असं बसवू: पहिली रात्र माहेच्या ईडन आयलंड मरीनापासून तासाभरावर, सेंट ॲन मरीन पार्कात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघून क्युरियूजच्या बे लारे खाडीत. तिथे दोन रात्री. बॉया आहेत, समोर प्रासलिनचा आडोसा आहे, आणि किनाऱ्यावर अल्डाब्राची राक्षसी कासवं मोकळी फिरतात. मुलांना तिथून हलवणं अवघड जाईल. खाजणातून लाकडी पुलावरून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे, डास मात्र खूप. सेंट पिअर हे शेजारचं चिमुकलं बेट पोहत बघायचं, सकाळी दहाच्या आत, कारण नंतर पर्यटकांच्या होड्यांची रांग लागते.

मग कुझँ, आणि तिथून प्रासलिनच्या बे सेंट ॲनला मुक्काम. पाणी भरा, टॅक्सीने किंवा बसने व्हॅले द मे बघून या. 1983 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे जंगल म्हणजे कोको द मेरचं, आपल्याकडे ज्याला दर्याचा नारळ म्हणतात त्याचं घर. फकिरांच्या हातातलं काळं कटोरं याच फळाचं. लाटांबरोबर वाहत येणाऱ्या त्या कवट्या कुठल्या झाडाच्या हे कितीतरी शतकं कुणाला माहीत नव्हतं.

ला दीगचं बंदर मोहात पाडतं आणि तिथेच भांडणं होतात. जागा इवलीशी, बोटी पुढून नांगर टाकून पार्श्वभाग किनाऱ्याकडे दोरांनी बांधतात, फेरीबोटींच्या लाटा दिवसभर, आणि दुपारी बारानंतर जागा मिळेलच असं नाही. त्यापेक्षा बोट प्रासलिनलाच राहू द्या आणि फेरीने जा, पंधरा मिनिटांत धक्क्यावर. दिवसभर सायकली, संध्याकाळच्या फेरीने परत. आन्स सूर्स दार्जां हा फोटोतला किनारा युनियन इस्टेटमधून तिकीट काढून लागतो. भरतीला तिथली वाळू जवळजवळ नाहीशी होते, म्हणून ओहोटी धरून जा. पूर्वेकडचे ग्रांद आन्स आणि पेतित आन्स दिसायला त्याहून देखणे, पण आग्नेय वाऱ्यात तिथली ओढ माणूस बाहेर नेते. मुलांना नुसतं बघू द्या.

आता नांगर, कारण सुट्टी बिघडते ती बहुतेक इथे. सूर्य डोक्यावर असताना, साधारण दहा ते तीन, प्रवाळ तपकिरी आणि वाळू फिकट निळी-हिरवी दिसते. संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून खाडीत शिरलात तर सगळं चांदीच्या पत्र्यासारखं दिसतं आणि खडक लपतो. तिथे सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून चारपर्यंत नांगर पडलेला हवा. रात्री बोट चालवायला करारातच बंदी असते.

जागा वाळूची निवडा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे करा, थांबा, आणि बोट मागे सरकायला लागल्यावर साखळी सोडा. उभ्या बोटीवरून सोडली तर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो आणि त्याचं फाळ गुंततं. साखळी किती? इथे सगळे चुकतात, कारण ते फक्त यंत्रावर दिसणारी पाण्याची खोली धरतात. पाणी 6 मीटर, भरतीने चढणारं पाणी दीड मीटर, नाळेची पाण्यापासून उंची दीड मीटर, झाले 9. त्याच्या पाचपट, 45 मीटर. साखळी लांब असली की ओढ जमिनीला समांतर बसते आणि नांगर वाळूत घुसत जातो. आखूड असली की त्याची दांडी वर उचलली जाते आणि तो उपटून येतो. साखळी सोडून झाली की तिच्यावर दोन टोकांची दोरी, ब्रायडल, अडकवा आणि ओझं दोन्ही नाळांवर वाटून द्या, साखळी ओढणाऱ्या यंत्रावर ठेवू नका. मग दोन्ही इंजिनं हळूहळू रिव्हर्समध्ये मिनिटाला 1,500 फेऱ्यांपर्यंत न्या, अर्धा मिनिट धरा. या वेळी साखळीवर तळवा ठेवून बघा. नांगर बसला असेल तर ती ताठ आणि मुकी असते. घसरत असेल तर हाताला थरथर लागते, खडकावरून फावडं ओढल्यासारखी. शेवटी चष्मा लावून पोहत जा आणि डोळ्यांनी बघा.

नांगर उचलताना इंजिन चालू ठेवा, 1,500 च्या आसपास. साखळी ओढणारं यंत्र बॅटरीचा दमदार घास घेतं. बोट साखळीने ओढून न आणता इंजिनाने हळूहळू पुढे न्या आणि साखळी सैल झाली की गोळा करा. नाहीतर यंत्राचा ब्रेकर पडतो आणि पुढचा अर्धा तास तो कुठे आहे हे शोधण्यात जातो. बोट ताब्यात घेतानाच त्या ब्रेकरची जागा विचारून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

भरती-ओहोटीबद्दल कोकणातल्या मंडळींनी सावध राहावं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग (सर्वात कमी चढ-उतार) हे तिथेही खरं, पण तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब माहेला लागू पडत नाही. छापील तक्ता घ्या. उधाणाला पाण्यात दीड-दोन मीटरचा फरक पडतो आणि खडकाआत लावलेली डिंगी कोरडी पडते.

बोटीवरचा संडास. त्याचा पाइप दीड इंची, मध्ये झडपा आणि पंप. जे आधी खाल्लं नाही ते आत जाऊ नये, हा जगभरचा नियम. कागद सुद्धा वेगळ्या पिशवीत. ओले टिश्यू, केसांचा गुंता, शाम्पूची पुडी यांपैकी एक पुरेशी आहे, आणि मग तो पाइप उघडायचं काम कंपनी तासाच्या दराने लावते. आपल्या लोकांचा जेट स्प्रेचा प्रश्न सोपा आहे: बेसिनचा नळ बहुतेक बोटींवर ओढून लांब होतो. हाताने चालणारा पंप असेल तर 15-20 वेळा पूर्ण दांडा मारा, नुसता दोनदा मारून निघालात तर सगळं पाइपातच थांबतं. साठवणीच्या टाकीची झडप खाडीत बंद, खोल समुद्रात उघडी. सगळ्यांना एकत्र बसवून हे प्रात्यक्षिक पहिल्याच तासात करा, लाज वाटली तरी.

गोडं पाणी टाकीत 600 ते 800 लिटर. नऊ माणसं, माणशी 25 लिटर धरलं तरी तीन दिवसांत संपतं. समुद्रात डुंबायचं, साबण लावायचा, पुन्हा डुबकी आणि शेवटी मागच्या शॉवरने अर्धा मिनिट गोडं पाणी. दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवू नका. एक संपली की कळतं, हाताशी दुसरी असते. प्यायला बाटल्या: माणशी दिवसाला तीन लिटर, आठवड्याला नऊ जणांचे 190 लिटर, म्हणजे दीड लिटरच्या सहा बाटल्यांच्या 21 पेट्या. त्या पहिल्या दिवशीच धक्क्यावर मागवून दोन्ही पोटांत सारख्या वाटून ठेवा.

विजेचं गणित आपल्या घरातल्या इन्व्हर्टरसारखंच. बॅटरी 12.2 व्होल्टखाली जाऊ देऊ नका. दिवसभर फ्रीज चालतो, रात्री नांगराचा दिवा, त्यात आठ मोबाइल. सकाळ-संध्याकाळ तासभर इंजिन, नाहीतर पहाटे फ्रीज मुका होतो आणि मासळी जाते. एसीला जनरेटर लागतो, तो रात्रभर घुरघुरतो आणि शेजारच्या बोटीवरची माणसं सकाळी ओळख देत नाहीत.

जेवणाची काळजी कमी करा. माहेवरच्या राजधानीत, व्हिक्टोरियात, तमिळ आणि गुजराती मंडळींची पिढीजात दुकानं आहेत. तांदूळ, डाळ, कणीक, मसाले सगळं मिळतं. 1992 साली बांधलेलं गणपतीचं मंदिरही तिथेच आहे, निघण्याआधी आईला दर्शन घडवा. भाज्या आयात होऊन येतात, त्यामुळे महाग आणि मोजक्या. नीरफणस मात्र स्थानिक. घरून न्यायचं ते थालीपीठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, चटण्या, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर. हापूसची पेटी नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, मांस परवानगीशिवाय आत येऊ देत नाहीत आणि ती पेटी तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. बाकी पाकिटं सीलबंद ठेवा, विचारलं तर दाखवा. आठवड्याला सहा किलो तांदूळ, चार किलो कणीक, दोन किलो डाळी पुरतात. पोळ्या लाटायच्या त्या नांगरावर असताना, चालत्या बोटीत कढईत तेल तापवायचं नाही. मासा स्किपरला विचारून होडीवाल्याकडून घ्या. तांबडा बुर्झ्वा मिळाला तर सोडू नका, आपल्या तांबोशाचाच भाऊबंद.

बोट लागणं. पहिल्या दिवशी निम्म्या लोकांना लागते, तिसऱ्या दिवशी बहुतेक जण सावरतात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती निघण्याच्या तास-दोन तास आधी पोटात हवी. कुठली, किती, हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः आईसाठी, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू असेल तर त्यातल्या काही चालत नाहीत. मुलांना घरीच एकदा देऊन बघा. रिकाम्या पोटी निघू नका, मेतकूट-भात बरा. मोबाइल आणि पुस्तक बंद, केबिनमध्ये जायचं नाही, उघड्यावर बसून क्षितिजाकडे बघायचं किंवा सरळ सुकाणू धरायचं. सुकाणू धरलेल्याला सहसा लागत नाही. खिशात आलेपाकाच्या वड्या असू द्या.

सामान कापडी बॅगांत आणा. चाकांची कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते, ती आठवडाभर कुणाच्या तरी पलंगावर राहते. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे आणि प्रवाळासाठी रबरी बूट आणा. सिम एअरटेलचं तिथेही मिळतं.

आईला न्या. पण ठरवताना पोहण्याचा विचार बाजूला ठेवा, तिची खरी अडचण डिंगी आहे. तीन मीटरची रबरी होडी, तिच्यात चढताना बोट आणि डिंगी दोन्ही वेगवेगळ्या तालात हलतात. मुलांसाठी आणि आईसाठी मापाची लाइफजॅकेटं बुकिंगच्या वेळीच लिहून मागवा. 20 ते 40 किलोची मुलांची मापं तळावर कमी असतात. कठड्याला जाळी बांधून द्या म्हणा, तीही मिळते. आन्स लाझिओसारख्या किनाऱ्यावर लाटेत उतरावं लागतं. लाट मागून आली की डिंगी आडवी होते आणि उलटते, म्हणून तिथे आईला नेऊ नका, बोटीवरून बघू द्या. बे सेंट ॲनला आणि ला दीगच्या फेरीला धक्का आहे, तिथे ती कोरड्या पायांनी उतरेल.

बाकी ठिकाणी चढवताना असं करा. कॅटामरानच्या मागच्या खालच्या पायरीला डिंगी दोन दोरांनी, पुढून आणि मागून, घट्ट बांधा, आणि इंजिन बंद. एक जण डिंगीत बसलेला, एक जण पायरीवर. आईने पायरीवर बसायचं, उभं राहायचं नाही. पाय डिंगीच्या रबरी काठावर न ठेवता सरळ तळाशी, मधोमध. दोघांनी तिचा हात न धरता मनगटापासून कोपरापर्यंत पकडायचं, तिनेही तसंच. लाटेने डिंगी वर आली की "आता" म्हणायचं आणि तिने बसल्या बसल्या सरकायचं. पहिल्या दुपारी मरीनातल्या सपाट पाण्यात दोन-तीनदा हा सराव करून घ्या, तिचा जीव तिथेच स्थिर होतो.